निळूच्या अंगावरचे पांढरे ठिपके

डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात थंडी वाढली आणि निळूचं खाणं कमी झालं. निळू म्हणजे आमचा फायटर, बेटा मासा. गडद निळा, पंखांच्या कडा लालसर. एरवी माणूस दिसलं की काचेपाशी येणारा. आता पंख अंगाशी मिटून तळाशी बसायचा आणि मध्येच झटका देऊन झाडाच्या पानावर अंग घासायचा. पाणी २१ अंशांवर गेलं होतं. बेटा मूळचा थायलंडकडचा, त्याला २५ ते २८ अंश मानवतात.

दोन-तीन दिवसांत डोक्यावर आणि पंखांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके आले. खोली अंधारी करून बाजूनं टॉर्च मारून पाहिलं. सोनेरी, बारीक धूळ दिसली असती तर तो व्हेल्वेट नावाचा वेगळा रोग. इथे सुटे, पांढरे, किंचित उंचवटे असलेले दाणे होते. म्हणजे इक, दुकानात ज्याला व्हाइट स्पॉट म्हणतात तो.

दुकानदार म्हणाले, "दादा, ही निळी बाटली न्या, थेंब टाका, डाग जातील." बाटली मी घेतली नाही, कारण दिसणारे डाग औषधानं जातच नाहीत. तो परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. पोसला गेला की तो स्वतःच गळून तळाशी बसतो, कोष करतो, आणि एका कोषातून शेकडो पिल्लं पाण्यात सुटतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मारता येतात ती याच पोहणाऱ्या अवस्थेत. गार पाण्यात हे चक्र कित्येक आठवडे रेंगाळतं, उबेत आठवड्याभराच्या आत उरकतं. म्हणून आधी हिटर.

तापमान एकदम चढवलं नाही. दर काही तासांनी एकेक अंश करत दुसऱ्या दिवशी ३० वर नेलं. टाकीतली झाडं काढून वेगळ्या बादलीत ठेवली. मीठ त्यांना सोसत नाही, आणि मासा नसलेल्या बादलीत परजीवीही आपोआप संपतो. मग काहीही न मिसळलेलं जाडं मीठ, लिटरला साधारण १ ग्रॅम या हिशेबानं, मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून दिवसभरात थोडं थोडं ओतलं. मिठाचे खडे थेट टाकले तर माशाचं अंग भाजतं.

सगळ्यात कठीण होते त्यानंतरचे दिवस. पाणी गरम झालं आणि ठिपके वाढले. चक्राचा वेग वाढला की असं होणार हे माहीत होतं, तरी रात्री उठून टॉर्च घेऊन बघत होतो. कल्ले जोरात हलत होते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बेटाला वर येऊन हवा घेता येते, डोक्यात त्यासाठी खास अवयव असतो. पण अशक्त माशाला वर यायलाही ताकद लागते. म्हणून टाकीतलं पाणी उथळ केलं, फिल्टरच्या तोंडाशी स्पंज लावून प्रवाह मंद केला आणि पृष्ठभागाजवळ टेकायला एक रुंद पान ठेवलं. तो त्या पानावर पडून राहायचा.

रोज नळीनं तळ ओढून घ्यायचो, कारण कोष तिथेच असतात. जेवढं पाणी काढलं तेवढंच अँटिक्लोरीन घातलेलं, त्याच तापमानाचं, त्याच प्रमाणात मीठ असलेलं पाणी भरायचं. खाणं अगदी थोडं, उरलेला दाणा लगेच बाहेर.

हळूहळू ठिपके गळाले. एका सकाळी त्यानं बोटाच्या दिशेनं झेप घेतली आणि माझे डोळे भरून आले. तरीही उपचार थांबवले नाहीत. अंग स्वच्छ दिसत असताना पाण्यात पिल्लं असू शकतात, म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी आठवडाभर ऊब आणि मीठ तसंच ठेवलं. नंतर रोजच्या पाणीबदलात साधं पाणी घालत मीठ उतरवलं, तापमान सावकाश २६ वर आणलं. जाळी आणि नळी उन्हात कडक वाळवली.

एका पंखाची कड जराशी विरली आहे, ती भरून येते आहे. झाडं परत टाकीत गेली आहेत. हिटर होळीपर्यंत चालूच राहील.