सोडलेली उसनवारी

रविवार, रात्री

बायबलच्या मत्तय १८ मधला, येशूनं सांगितलेला निर्दय चाकराचा दाखला पुन्हा वाचला. राजा एका चाकराचं प्रचंड कर्ज सोडतो, आणि तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी आपल्या सोबतीच्या चाकराला तुरुंगात टाकतो. त्यावर बोलताना बहुतेक जण दुसरं कर्ज किरकोळ म्हणून उडवून लावतात. ते किरकोळ नाही. एक दिनार म्हणजे मजुराचा दिवसाचा रोज. मत्तय २० मधला द्राक्षमळ्याचा मालक तोच देतो. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आज रोज ५०० धरला तर ५०,००० रुपये. एवढे पैसे अडकले की घराची झोप उडते.

पहिलं कर्ज दहा हजार तालांतांचं; तालांत हे त्या काळचं मोठं चलनमान. एका तालांताचे सुमारे ६,००० दिनार, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. येशूच्या काळात गालीलवर राज्य करणाऱ्या हेरोद अंतिपाला वर्षाला २०० तालांत महसूल मिळे, असं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो. त्या हिशेबानं ही पन्नास वर्षांची वसुली. ती ज्याला सुटली, त्याच्याकडूनच येशू ५०,००० सोडण्याची अपेक्षा करतो.

जगाला हा वेडेपणा वाटतो. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतले लोक एकमेकांना कोर्टात खेचत होते, तेव्हा प्रेषित पौलानं पत्रातून विचारलं की त्यापेक्षा नाडणूक का सोसून घेत नाही? कुठलाही वकील हा सल्ला देणार नाही.

पण सोडायचं तर नीट सोडावं. उसन्या पैशाचा दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो. मुदत उलटल्यावर ‘जा, माफ केलं’ म्हणण्यात काही सोडलं जात नाही, पैसे आधीच बुडालेले असतात. दावा जिवंत असतानाच सोडावं.

आधी नवरा-बायकोनं बसून ठरवावं, कारण झळ दोघांना लागते. मंडळीचा किंवा बचत गटाचा पैसा असेल तर तो सोडायचा अधिकार आपला नाहीच. वचनचिठ्ठीवर ‘उरलेली रक्कम सोडली, येणे बाकी नाही’ असं लिहून, तारीख घालून सही करावी आणि मूळ कागद कर्ज घेतलेल्याच्या हातात द्यावा. तारण म्हणून कोरा चेक घेतला असेल तर तोही. कागद नसेल तर तेच वाक्य मोबाइलवर पाठवावं. सगळं झेपत नसेल तर झेपेल तेवढं सोडून बाकीचे हप्ते स्पष्ट ठरवावेत. ‘बघू, जमेल तेव्हा दे’ हे सगळ्यात वाईट. मग तो माणूस आपल्याला पाहून रस्ता बदलतो, आणि एक दिवस उपासनेला यायचाही थांबतो.

इतकं करूनही बिघडतं. प्रार्थनासभेत ‘त्या भावासाठी प्रार्थना करा’ म्हणत नाव फोडलं जातं. उपकाराच्या बदल्यात फुकट कामं सांगितली जातात. सगळ्यात अवघड म्हणजे तो नव्या मोटारसायकलवरून चर्चच्या दारात उतरतो तो क्षण. डाउन पेमेंट किती भरलं असेल याचा आकडा मनात आपोआप मांडला जातो. तेव्हाच खरं सोडायचं असतं. ‘गाडी छान आहे’ म्हणावं, आणि त्यात टोमणा नसावा.

तो पुन्हा मागायला आला तर नाही म्हणता येतं. क्षमा केली म्हणजे नवं कर्ज देणं बंधनकारक होत नाही. घरात खरंच अडचण असेल तर किराणा भरून द्यावा, मुलांची फी परस्पर शाळेत भरावी, आणि ते वहीत लिहू नये. तो ठरवून लोकांना गंडवत असेल, तर पुढच्या देणाऱ्याला खासगीत सावध करावं. आपण सोडलेल्या रकमेचा उल्लेख मात्र तिथेही करू नये.