वाटाड्याचा शब्द अखेरचा : मोलेच्या रानातील आमची वाटचाल

सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या बंदीवर शिक्कामोर्तब झाले, तेव्हा धारबांदोडा तालुक्यातील आमच्या घरासमोर दोन टिप्पर उभे होते आणि दोन्हींच्या कर्जाचे हप्ते चालू होते. आमच्या भागात त्या काळी घरटी एखादा माणूस तरी खनिजाच्या वाहतुकीवर जगत होता. कोणी ट्रकचा मालक, कोणी चालक, कोणी गॅरेजवाला, कोणी रस्त्याकडेला चहाचा गाडा लावणारा. एका महिन्यात ते सारे थांबले. पुढे खाणी काही काळ सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद पडल्या. पण मी पहिल्या बंदीतच एक टिप्पर विकला होता, आणि हातात उरलेल्या थोड्या पैशांतून काय करता येईल याचा विचार करत बसलो होतो. त्याच दिवसांत माझ्या वडिलांचे एक जुने स्नेही, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांच्याबरोबर एक दिवस रानात गेलो, आणि पाहुण्यांना रान दाखवायला नेण्याच्या आमच्या व्यवसायाचा उगम त्या एका दिवसात आहे.

काकांचे बालपण मोलेच्या रानाच्या काठावर गुरे राखण्यात गेले. 1969 साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तेव्हा ते ऐन तारुण्यात होते. 1978 साली त्यातील 107 चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला आणि गोव्यातील एकमेव राष्ट्रीय उद्यान आमच्या उंबऱ्याशी आले. सारे क्षेत्र मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटर होते. हे आकडे मला पुढे परवान्याच्या कागदांवरून पाठ झाले. काकांना आकडे ठाऊक नव्हते. त्यांना कोणता ओढा मार्चमध्ये आटतो आणि कोणता मे अखेरपर्यंत वाहतो हे ठाऊक होते. त्या दिवशी आम्ही फार चाललो नाही. ते शंभर पावलांवर थांबत, काठी जमिनीवर टेकवत आणि ऐकत. एका ऐनाच्या झाडापाशी, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकटीचौकटीने फुटलेली असते, त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘याच्या पोटात पाणी असते, उन्हाळ्यात तहान लागली तर आमची माणसे यालाच विचारायची.’’ मी चाळीस वर्षे त्या झाडाच्या आसपास राहिलो होतो आणि हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या मनात आले की मला जे कोणी सांगितले नाही, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला तर कोण सांगणार?

वनखात्याची परवानगी, प्रवेशशुल्क, वेळेची बंधने, कोणत्या वाटेने जाता येते आणि कोणत्या वाटेवर पाऊल ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, हे समजून घेण्यात पहिले वर्ष गेले. आम्ही रानात मुक्काम करत नाही, कारण तो करता येत नाही आणि करू नये असे मलाही वाटते. पाहुणे रानाच्या बाहेर, गावातील घरांत राहतात. घरच्या माणसाने केलेली नाचणीची भाकरी, अळसांद्याचे तोणक आणि सोलकढी जेवतात. सुरुवातीस घरांत पाहुणे ठेवण्यास लोक बिचकत होते. पहिल्या घरातील मावशींनी तर आमच्या पहिल्या पाहुण्यांसाठी शेजारणीकडून नवे ताट-वाटी उसने आणले होते. आज त्याच घरात दोन खोल्या वाढवलेल्या आहेत आणि त्यांचा हिशेब त्या स्वतः ठेवतात.

आमच्या व्यवसायाची दिशा ज्या दिवशी ठरली तो दिवस मात्र दुसऱ्या हंगामातला, ऑक्टोबरमधला होता. परतीचा पाऊस दुपारी घाटमाथ्यावर गडगडतो आणि खाली ऊन असते, असे ते दिवस. आठ पाहुणे, काका, आणखी एक तरुण वाटाड्या आणि मी असे अकराजण तांबडी सुर्ल्याच्या जुन्या देवळाकडून परतत होतो. एका ओढ्याच्या काठाशी काका थांबले. सकाळी आम्ही तो घोट्याभर पाण्यातून ओलांडला होता आणि आताही पाणी जेमतेम पोटरीपर्यंत दिसत होते. डोक्यावर आकाश निळे होते. पाहुण्यांना कुळे स्थानकावरून संध्याकाळची गाडी पकडायची होती आणि गावात बस थांबलेली होती. काकांनी पाण्याकडे बोट दाखवले. सकाळी तळाचे गोटे मोजता येतील असे जे पाणी होते, त्यात आता पातळ तांबूस रंग होता, आणि वरून सुकी पाने, काटक्या, एक मोडलेली हिरवी फांदी वाहत येत होती. ‘‘वर घाटावर पाऊस लागलाय, बाबा. आता नाही उतरायचे,’’ ते म्हणाले.

मी त्यांच्याशी वाद घातला. ती गोष्ट मी लपवत नाही. मी पाण्याची खोली काठीने मोजून दाखवली, गाडीची वेळ सांगितली, पाहुण्यांनी पैसे भरलेले आहेत हेही सांगितले. काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुठीएवढा एक पांढरट दगड उचलला, पाण्याच्या अगदी कडेला कोरड्या वाळूवर ठेवला, आणि शेजारच्या खडकावर बसले. दहा मिनिटांत दगडाभोवती पाणी आले. वीस मिनिटांत दगड दिसेनासा झाला. त्यानंतर जे आले ते पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखे होते. वरच्या वळणाआडून दगडांवर दगड आदळल्याचा घरघराट आला, आणि ज्या जागी मी काठी रोवली होती त्या जागेवरून छातीइतक्या उंचीचे मातकट पाणी धावू लागले. आम्ही अकराजण मुकाट्याने पाहत होतो. पुण्याहून आलेल्या एका काकूंनी माझा हात धरला होता, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

पाणी उतरायला अडीच तास लागले. गाडी गेली. पाहुण्यांना रात्री गावातच ठेवले, त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या प्रवासाचा खर्च मी उचलला, आणि त्या हंगामातील नफ्याचा मोठा भाग त्यात गेला. परंतु त्या रात्री मी एका वहीत एक वाक्य लिहिले, ते आजही आमच्या प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या ओळीत असते: रानात वाटाड्याचा शब्द अखेरचा, पाहुण्याने, सहकाऱ्याने किंवा मालकाने त्यावर वाद घालायचा नाही. पैसे भरण्यापूर्वी प्रत्येकाला ते वाचून दाखवले जाते. वाट अर्ध्यावर सोडावी लागली तर वाटाड्याची मजुरी एका पैशाने कमी होत नाही, कारण मजुरी कापली जाईल या भीतीने एखाद्या दिवशी एखादा माणूस ‘चला, उतरू या’ म्हणेल, आणि तो दिवस मला नको आहे.

या एका नियमातून बाकीचे सारे आपोआप ठरत गेले. एका वाटाड्याला मागे वळून सगळ्यांचे चेहरे दिसले पाहिजेत, म्हणून एका गटात आठच पाहुणे. एका कंपनीने चाळीस माणसांची सहल विचारली होती, तेव्हा दुसऱ्या टिप्परचे हप्ते अजून फिटलेले नव्हते. घरात दोन दिवस चर्चा झाली आणि आम्ही नाही म्हटले. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर आम्ही रानात जात नाही, जरी त्याच महिन्यांत सर्वाधिक लोक विचारणा करतात आणि धबधबे तेव्हाच भरलेले असतात. जुलै 2023 मध्ये धबधब्यांवर बुडून मृत्यू झाल्यानंतर वनखात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली, तेव्हा आमचे काहीच बदलावे लागले नाही.

आमची सहल चार दिवसांची आहे. पहिल्या दिवशी दुपारी पाहुणे पोहोचतात आणि संध्याकाळी रानाच्या काठाने थोडे चालतात, जळवांशी ओळख होते, मीठ आणि तंबाखूची पुरचुंडी कशी वापरायची ते कळते. दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ला. महादेवाचे हे काळ्या दगडाचे देवालय कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले आहे, आणि गोव्याच्या अंतर्भागात डोंगरांच्या कुशीत असल्यामुळेच ते इतके शाबूत राहिले असे मला वाटते. आम्ही तेथे पाहुण्यांना अर्धा तास बोलू देत नाही. पूर्वाभिमुख मंडपात ऊन आत येते, छतावरचे कोरलेले कमळ हळूहळू उजळते, आणि मग वाटाडे एका खांबाच्या बुंध्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती दाखवतात, जो घाईत आलेल्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

तिसरा दिवस लांब चालण्याचा. पायथ्याच्या ओलसर पानगळी रानातून चढत गेल्यावर किंदळ, नाणा, जांबा ही ओळखीची झाडे मागे पडत जातात, सावली दाट होते, हवा गार होते आणि सदाहरित रान सुरू होते. या चढावर पाहुणे बोलणे आपोआप सोडतात. धनेश पक्षी डोक्यावरून गेला तर तो दिसण्याआधी त्याच्या पंखांचा आवाज येतो, जुन्या कोळशाच्या इंजिनाने वाफ सोडावी तसा. शेकरूची पाठ तांबूस दिसते आणि शेपूट फांदीवरून खाली लोंबते. गवा समोर आला तर आम्ही थांबतो, आडोसा धरतो आणि त्याला वाट देतो. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि वाट त्याचीच आहे. वाघ दाखवण्याचे आश्वासन आम्ही कधीही दिलेले नाही. ओल्या मातीत पंजा उमटलेला दिसला तर वाटाडे त्याबद्दल हलक्या आवाजात सांगतात आणि गट परत फिरतो.

दूधसागर धबधबा शेवटच्या दिवशी. तेथे आम्ही कुळ्याहून स्थानिक लोकांच्या जीपनेच जातो, कारण ती त्यांची उपजीविका आहे, आणि रुळांवरून चालत जाणे धोकादायक आहे, त्याला परवानगीही नाही. 310 मीटर उंचीवरून पडणारे ते पाणी खरोखर भव्य आहे. तरीही मला स्वतःला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: हे पाणी खाली खांडेपार नदीत जाते, आणि त्याच नदीवरील ओपा येथून पणजी व फोंड्याच्या घरांतील नळांना पाणी पोहोचते. पणजीहून आलेल्या एका शाळकरी मुलीने हे ऐकल्यावर आपल्या बाटलीकडे पाहिले आणि ‘‘म्हणजे हे तेच?’’ असे विचारले. हो, तेच.

रानाची वाटचाल आणि आमची वाटचाल वेगळी नाही. जानेवारी 2020 मध्ये शेजारच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ मेलेले सापडले, त्या आठवड्यात आमच्या एकाही वाटाड्याने जेवताना शब्द काढला नाही. त्याच वर्षी मार्चपासून महामारीने सारे बंद झाले, आणि त्याच काळात मोलेच्या रानातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध, म्हणजे रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचे रुंदीकरण आणि वीजवाहिनी यांविरुद्ध, गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. तोवर आमच्याकडे येऊन गेलेल्या पाहुण्यांपैकी अनेकांनी पत्रे लिहिली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली, त्या दिवशी काकांनी देवळात नारळ ठेवला. मार्च 2023 मध्ये सत्तरी तालुक्यातील डोंगरांना वणवे लागले आणि आग विझवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले. आमचे दोघे वाटाडे वनखात्याच्या कर्मचाऱ्यांबरोबर हिरव्या फांद्यांनी आग झोडपायला गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या पायांची सालटे निघालेली होती. आम्ही त्या महिन्याच्या सहली रद्द केल्या आणि पैसे परत केले. एकाही पाहुण्याने तक्रार केली नाही, उलट तिघांनी परत मिळालेली रक्कम त्या दोघांच्या औषधपाण्यासाठी पाठवली.

आज आमच्याबरोबर सहा वाटाडे काम करतात. त्यांपैकी चौघे एकेकाळी खाणीच्या वाहतुकीत होते. काका आता चढ चढत नाहीत. हंगाम सुरू होण्याआधी, चतुर्थी आटोपली की ते खालच्या ओढ्यापर्यंत येतात आणि तरुण वाटाड्यांना पाणी वाचायला शिकवतात. गेल्या वर्षीपासून त्यांची नात येऊ लागली आहे. ती पदवीधर आहे, पक्ष्यांची शास्त्रीय नावे तिला येतात, आणि यंदा ती स्वतंत्रपणे गट नेईल. गेल्या ऑक्टोबरमध्ये पाहुणे पाण्याच्या काठाशी उभे असताना तिने न बोलता मुठीएवढा दगड उचलून वाळूवर ठेवला आणि घड्याळात पाहिले. मी मागे उभा होतो. दगडाभोवतीची वाळू कोरडीच राहिली, तरी तिने पूर्ण अर्धा तास जाऊ दिला आणि मगच पहिले पाऊल पाण्यात ठेवले.