महिपतगड–सुमारगडच्या रानातली शोधमोहीम

महिपतगडाच्या पायथ्याच्या दहिवलीत आमचं शोधपथक पोचलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि बेलदारवाडीचा डोंगर ढगात गडप झाला होता. हरवलेला मुलगा सकाळी अकराच्या सुमारास शेवटचा दिसला होता. पाच जणांचा ग्रुप महिपतगडावर मुक्काम करून सुमारगडाकडे निघाला होता. धुक्यात तो मागे पडला. पुढच्यांना वाटलं, येतोय. पाऊण तासाने ते थांबले तेव्हा मागे कोणीच नव्हतं.

महिपत, सुमार, रसाळ ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडच्या पूर्वेची किल्ल्यांची रांग नकाशावर सोपी वाटते. धार धरून चालत राहायचं, एवढंच. प्रत्यक्षात झाडी गच्च आहे आणि ढोरवाटा इतक्या फुटतात की खरी वाट हिवाळ्यातल्या उन्हातही चुकते. आम्ही तर भर श्रावणात होतो.

वाडीत गेल्यावर लगेच रानात शिरायचं नसतं. चारही मित्रांना वेगवेगळं बसवून विचारलं. जॅकेटचा रंग कोणता, बुटाचा तळ कसा, पाणी किती, बॅटरी आहे का, मोबाइल शेवटचा कधी लागला. आणि एक प्रश्न मी कधीच सोडत नाही : वाट चुकली तर हा बसून राहील की चालत सुटेल? चौघांचंही उत्तर एकच होतं, हा बसणारा नाही.

दारात घोंगडी पांघरून बसलेले वाडीतले आजोबा ते ऐकत होते. ते म्हणाले, "मग पऱ्याला लागला असंल. चुकलेलं माणूस पाण्याच्या मागनं खाली जातं."

पऱ्या म्हणजे डोंगरातला ओढा. आणि तसंच होतं. पाणी खाली जातं, खाली गाव असतं, म्हणून माणूस ओढ्यात उतरतो. सह्याद्रीत तो ओढा बऱ्याचदा दोनतीनशे पावलांवर कड्याच्या टोकाला येतो आणि तिथून धबधबा होऊन कोसळतो. तिथून खाली जाता येत नाही आणि शेवाळलेल्या दगडांवरून परत वर चढणंही जमत नाही. धारेवरून जगबुडीच्या खोऱ्याकडे उतरणारे तीन पऱ्ये आम्ही त्या संध्याकाळी कागदावर काढले.

पहिला रात्री आठपर्यंत पाहून झाला. दुसऱ्याच्या तोंडाशी आजोबांनी हात आडवा धरला. पाऊस जोरात होता, तरी पऱ्याचं पाणी कमी झालं होतं आणि जे येत होतं ते लाल, चिखलासारखं दाट. वर कुठेतरी माती सरकून पाणी अडलं होतं. बॅटरीच्या उजेडात कडेची दोन झाडं दरीकडे कललेली दिसली, बुंध्याशी जमिनीला ताजी भेग. आमच्या म्होरक्याने शोध थांबवला.

हा निर्णय सगळ्यात जड गेला. मुलाचा भाऊ रात्री दहाला पोचला आणि म्हणाला, "तुम्ही थांबा, मी जातो." त्याला खोटा धीर द्यायला माझी जीभ वळली नाही. त्या ओट्यावर बसलेल्यांपैकी प्रत्येकाला २२ जुलै २०२१ आठवत होता. त्या दिवशी महाडच्या तळीयेत दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आमच्याच तालुक्यात पोसऱ्यात घरं गाडली गेली. खाली काळा कातळ आणि वर मुरमाची भिजून जड झालेली माती असली की उतार सुटायला आणखी एखादी जोराची सर पुरते. अंधारात त्याखाली दहा माणसं पाठवली तर सकाळी अकरा जणांना शोधावं लागलं असतं. हे त्याला असंच, शब्द न बदलता सांगितलं. तो रात्रभर माझ्या शेजारी जागा होता. मीही झोपू शकलो नाही.

दुसरा दिवस जवळजवळ हाती काही न लागताच गेला. ढग इतके खाली की ड्रोन उडवता येईना. दुपारी तीनला तिसऱ्या पऱ्याच्या वरच्या अंगाला चिखलात बुटाचा ठसा सापडला, तळाची नक्षी मित्राने सांगितली तशीच. मग धुकं उतरलं आणि परत फिरावं लागलं. पण आता दिशा होती.

तिसऱ्या दिवशी उजाडताच दोर लावून उतरलो. धबधब्याजवळ हाका मारून उपयोग नाही, पाण्याचा आवाज सगळं गिळतो. पाण्यापासून बाजूला सरकायचं, तीन शिट्ट्या द्यायच्या आणि मग दोन मिनिटं कोणी पायसुद्धा हलवायचा नाही. चौथ्या वेळी खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. तीनदा. थोडं थांबून पुन्हा तीनदा.

कड्याच्या टोकाच्या जरा अलीकडे, कपारीत तो बसला होता. घोटा मोडलेला, ओठ निळसर, पण शुद्धीवर. ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळलं, घोटाघोटाने गोड चहा दिला. गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळू नका आणि त्याला चालवूही नका. बांबू आणि घोंगडीची डोली करून, सहा-सहा जणांनी खांदे बदलत त्याला वर काढून दहिवलीला आणायला सात तास लागले.

त्या रानात जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, आणि वाडीतला वाटाड्या घ्याच. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी. बॅगेतली शिट्टी पडल्यावर हाताशी येत नाही. धुक्यात सगळ्यात हळू चालणाऱ्याला मध्ये घ्या आणि शेवटी अनुभवी माणूस ठेवा. वाट चुकली असं वाटलं त्याच जागी बसा. ओढ्यात उतरू नका. दगडाला हात घालण्याआधी काठीने ठोका, या भागात फुरसं, म्हणजे विषारी साप, खूप. माणूस हरवला तर स्वतः तासन्‌तास शोधत बसू नका. रेंज मिळेल तिथून ११२ लावा आणि गिर्यारोहकांच्या रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवा. त्यांचा नंबर घरूनच फोनमध्ये घेऊन निघा.

कोकण रेल्वेने खेडला उतरलात की दहिवलीच्या एसटीची वेळ आधी स्टँडवर विचारून घ्या. चढण्यापूर्वी सगळ्यांची नावं आणि परतायची वेळ गावच्या पोलीस पाटलांकडे लिहून ठेवा. आणि वाडीसाठी साखर, चहा पावडर, मुलांसाठी वह्या न्या. त्या तीन दिवसांत तिथल्या बायकांनी चाळीस माणसांना कुळथाची पिठी-भात वाढला आणि निघताना आम्ही पुढे केलेले पैसे एकीनेही घेतले नाहीत.