फिशरिंगची गढी: पाण्यात उभं वतन

किल्ला म्हटलं की आपली नजर आधी वर जाते. पश्चिम जर्मनीतल्या म्युन्स्टरलांडमध्ये वर बघण्यासारखं काहीच नाही. मुलूख ताटासारखा सपाट, जमीन चिकणमातीची आणि पाणी हाताच्या अंतरावर. इथल्या सरदारांनी मग उंचीऐवजी पाण्याचा आडोसा घेतला. ल्युडिंगहाउझेन गावाशेजारची फिशरिंगची गढी हा त्याचा उत्तम नमुना. नगर-सोलापूरचे भुईकोट पाहिलेल्यांना खंदक नवा नाही, पण इथे खंदक किल्ल्याभोवती नसून किल्ला खंदकात आहे.

डॉर्टमुंडहून एन्शेडेकडे जाणाऱ्या आरबी ५१ गाडीने ल्युडिंगहाउझेनला पाऊण तासात पोहोचतो. म्युन्स्टरहून यायचं तर ड्युल्मेनला गाडी बदलायची. स्टेशन गावाच्या कडेला आहे, तिथून गढीपर्यंत साधारण अर्ध्या तासाची पायपीट. सायकल मिळाली तर उत्तमच; चढ नावालाही नाही. सोमवार मात्र टाळा. जर्मनीतली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.

पोहोचल्यावर थेट दारात शिरू नका. आधी बाहेरच्या बांधावरून पूर्ण फेरी मारा, म्हणजे रचना कळते. श्टेव्हर नदीचं पाणी अडवून ते गढीभोवती खेळवलं आहे. त्यात दोन बेटं. पहिल्यावर कोठारं, तबेले, नोकरांची घरं. याला फोरबुर्ग म्हणतात, म्हणजे गढीचं बाहेरचं आवार. तिथून पूल ओलांडला की दुसऱ्या बेटावर खरी गढी. ती गोलाकार आहे: आधी जाड भिंतीचं कडं उभारलं आणि राहती घरं त्या भिंतीला आतून चिकटवली. शत्रूने पहिलं बेट घेतलं तरी मधला पूल उचलला की त्याच्यापुढे पुन्हा पाणीच.

एका गोष्टीने मात्र हे सगळं फुकट जाई: कडाक्याची थंडी. खंदक गोठला की तोच शत्रूचा रस्ता. म्हणून अशा गढ्यांवर हिवाळ्यात बर्फ फोडत राहावं लागे.

गढी १२७१ची. म्युन्स्टरचा बिशप गेरहार्ड फॉन डेर मार्क हा धर्मगुरू होता तसाच राज्यकर्ताही. ल्युडिंगहाउझेनचे सरदार त्याला जुमानत नव्हते, म्हणून त्यांच्या दारातच त्याने हे ठाणं बसवलं आणि अल्बर्ट फॉन वुल्फहाइमच्या हवाली केलं. या घराण्याकडे बिशपच्या 'द्रोस्ते'चं पद आलं. द्रोस्ते म्हणजे मुलकी आणि न्यायाचा कारभार बघणारा अधिकारी. पुढचं मराठी माणसाला सांगायला नको. पद वंशपरंपरेने चाललं, पदाचं आडनाव झालं, त्याला गढीचं नाव जोडलं आणि घराणं 'द्रोस्ते त्सु फिशरिंग' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. देशमुख-चिटणीस घडले तसेच हे घडले. सरदारांना वेसण घालायला नेमलेला माणूसच शेवटी त्या भागातला मोठा सरदार झाला.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. जुन्या वीस मार्कांच्या नोटेवर जिचं चित्र होतं ती कवयित्री आनेटं फॉन द्रोस्ते-ह्युल्सहोफ या घराण्यातली नव्हे. तिचे पूर्वज डेकेनब्रॉक. त्यांच्याकडे म्युन्स्टरच्या कॅथीड्रल मंडळाची द्रोस्तेकी होती. सगळे कुलकर्णी एका कुळातले नसतात, तसंच.

१५२१मध्ये गढी जळाली. ती जुन्याच पायावर पुन्हा बांधली, म्हणून घेर मध्ययुगीन आणि खोल्या नंतरच्या. पाण्याच्या बाजूला नजर टाका. मोठ्या खिडक्या आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा कोरीव सज्जा दिसेल. तटाला अशी भोकं पाडायला घरमालक तयार झाला, याचा अर्थ तोफांपुढे या भिंतींचा उपयोग उरला नव्हता आणि आता मिरवायचं होतं.

सतराव्या शतकाच्या अखेरीस घराणं डारफेल्डला राहायला गेलं. माझ्या मते फिशरिंग वाचलं ते यामुळेच. मालक इथे राहिले असते तर श्रीमंतीच्या भरात जुनं पाडून बारोक, म्हणजे त्या काळच्या भपकेबाज शैलीचा, महाल उठवला असता. आठ-नऊ किलोमीटरवरच्या नोर्डकिर्शेनमध्ये नेमकं तेच झालं: तिथली जुनी जलगढी जाऊन १७०३पासून प्रचंड राजवाडा उभा राहिला. द्रोस्ते मंडळींनी आपली हौस म्युन्स्टर शहरात भागवली. योहान कॉनराड श्लाउनने १७५३ ते १७५७ दरम्यान बांधलेला त्यांचा वाडा, एर्बद्रोस्टेनहोफ, तिथे आहे.

याच घराण्यातला क्लेमेन्स आउगुस्ट (१७७३–१८४५) कोलोनचा आर्चबिशप झाला. कॅथलिक-प्रोटेस्टंट विवाहातल्या मुलांचा धर्म कोणता, यावरून त्याने प्रशियाशी, म्हणजे तेव्हा कोलोनवर सत्ता असलेल्या जर्मन राज्याशी, वाकडं घेतलं. नोव्हेंबर १८३७मध्ये सरकारने त्याला अटक करून मिंडेनला नेऊन ठेवलं. सगळ्या जर्मनीत गदारोळ झाला.

आत आता कोसफेल्ड जिल्ह्याचं संग्रहालय आहे. तिथलं लोखंडी गळपट्टं चुकवू नका. शेजारच्या काकेसबेकच्या लाम्बर्ट फॉन ओअरच्या गळ्यात १५२०च्या सुमारास त्याच्या वैऱ्याने ते अडकवलं होतं आणि लोहाराकडून तोडून घ्यावं लागलं.

बाहेर पडताना पाण्याची पातळी बघा. या मुलखातल्या अनेक जलगढ्यांचा पाया ओकच्या खुंटांवर आहे. लाकूड कायम बुडालेलं असलं की हवा लागत नाही, बुरशी धरत नाही आणि ते शतकानुशतकं टिकतं. कोरड्या उन्हाळ्यात पातळी उतरली की खुंटांचे माथे उघडे पडतात, कुजू लागतात आणि वर भिंतीला तडे जातात. उलट पाला-गाळ साचून खंदक उथळ होतो, म्हणून उपसावा लागतो. पण उपशासाठी पाणी फार दिवस उतरवून ठेवता येत नाही, आणि तळाची चिकणमाती खरवडली गेली तर पाणी झिरपून जातं. शत्रू कधीच गेले, तरी खंदक भरलेला ठेवावाच लागतो.