कासव महोत्सवाची नोंदवही

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना दापोली तालुक्यातील आमच्या गावच्या कासव महोत्सवाचे नोंदणीचे काम माझ्याकडे आले, ते माझ्या अंगी काही विशेष गुण होता म्हणून नव्हे, तर आमच्या मागील पडवीत मोबाईलला रेंज मिळत असे म्हणून. त्याच वर्षी महाविद्यालयात आमच्यासाठी दोन दिवसांची व्यक्तिमत्त्व विकास कार्यशाळा झाली होती. मुलाखतीला जाताना टाय कसा बांधावा, हे तिथे सविस्तर शिकवले गेले. आमच्या वर्गात कोणाकडेही टाय नव्हता.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात आमच्या किनाऱ्यावर अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पूर्वी ती खाण्यासाठी सर्रास नेली जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळास येथे संवर्धनाचे काम सुरू केले. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पर्यटक आले आणि ते गावातल्याच घरांत उतरले, तर चार पैसे गावाला मिळतात, ही गोष्ट तिथून किनाऱ्यावरील इतर गावांनी उचलली. आमच्या गावात पाहुणे पाळीपाळीने निरनिराळ्या घरी पाठवले जात, आणि ही पाळी सांभाळणे हेच माझे मुख्य काम होते.

पहिल्या आठवड्यात मी केलेली चूक अजून आठवते. फोनवर प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, "पिल्ले दिसतील ना?" आणि मी, समोरच्याला बरे वाटावे म्हणून, "हो, नक्की दिसतील," असे सांगून मोकळी होई. एका शनिवारी पुण्याहून एक कुटुंब आले, सोबत काठी टेकत चालणारे आजोबा. सायंकाळी सहाला कासवमित्र दादांनी, म्हणजे घरट्यांची राखण करणाऱ्या गावातल्या दादांनी, कुंपणातील घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या पिल्ले बाहेर आली का हे पाहायला एकेक करून उचलल्या. प्रत्येकीखाली नुसती वाळू, गुळगुळीत, कोणी हाताने सारवल्यासारखी. रविवारी सकाळी सातलाही तेच. दुपारी निघताना ते गृहस्थ आमच्या अंगणात येऊन शांतपणे म्हणाले, "आम्ही तुमच्या शब्दावर आलो होतो." ते ओरडले असते, तर मला सोपे गेले असते.

त्या रात्री मी दादांना प्रथमच नीट विचारले. अंडी उबायला साधारण पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात आणि ते वाळू किती तापते यावर अवलंबून असते. थंडी लांबली की पिल्लेही लांबतात. दादा म्हणाले, "तारीख मला नाही सांगता येत, ती तू कुठून सांगतेस?" मग मी एका कागदावर चार वाक्ये लिहून तो पडवीच्या भिंतीला चिकटवला: सध्या घरटी किती आहेत, त्यातले सर्वांत जुने किती दिवसांचे आहे, टोपल्या किती वाजता उचलतात, आणि पिल्ले दिसतीलच अशी खात्री देता येत नाही. फोन आला की ही वाक्ये मी याच क्रमाने सांगू लागले. काही लोकांनी बेत रद्द केला, काहींनी पुढे ढकलला, आणि दोघा-तिघांनी चक्क एकाऐवजी दोन रात्रींचा मुक्काम घेतला. रिकाम्या टोपलीनंतर त्यांच्यापैकी कोणीही आमच्या अंगणात आले नाही.

हिशेबाचे शिक्षण याहून कमी गोड होते. एकदा सहाशे रुपये जुळेनात, म्हणून मी रात्री अकरापर्यंत बेरजा केल्या. शेवटी कळले की आगाऊ रक्कम चुलतभावाच्या मोबाईलवर जमा झाली होती आणि तो सांगायला विसरला होता. दुसऱ्या दिवशी वहीत दोन रकाने वाढले, "पैसे कोणाकडे आले" आणि "शेरा". शेऱ्याच्या रकान्यात मी सगळेच लिहू लागले: कोणाला मासे चालत नाहीत, कोणाचे लहान मूल आहे, कोणत्या घरी त्या दिवशी काय अडचण आहे.

महोत्सवाच्या शेवटच्या रविवारी वरच्या आळीतील काकू तणतणत आल्या. "काय गो, माझ्याकडे दोन माणसे नि शेजारणीकडे आठ? ही कसली पाळी?" माझ्या पोटात गोळा आला, पण उत्तर न देता मी वही त्यांच्यासमोर उघडली. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि बोट ठेवत एकेक ओळ वाचत गेल्या. एका ओळीवर बोट थांबले: "काकू, पंपाची मोटर जळाली, सहा माणसे शेजारी पाठवली." त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"हां, ते माझ्या ध्यानातच नव्हते," त्या म्हणाल्या, आणि वही मिटून माझ्या हातात देताना पुढे म्हणाल्या, "मोटर आता झाली हो दुरुस्त. तेही लिही."