हाहामोंग्ना: घोड्यांना वाट देत डिस्क गोल्फ

पॅसाडेनाच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी हाहामोंग्ना नावाचं मोठं उद्यान आहे. शेजारीच नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. लॉस एंजेलिसला आलेले पर्यटक सहसा इकडे फिरकत नाहीत. मला मात्र कधीपासून इथेच यायचं होतं, कारण १९७५ साली जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स याच जागी तयार झाला. तेव्हा उद्यानाचं नाव ओक ग्रोव्ह होतं. कोर्स अजूनही त्याच नावाने ओळखला जातो. खेळायला पैसे पडत नाहीत.

खेळ समजायला सोपा. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फ्रिसबीसारखी चकती म्हणजे डिस्क फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या बास्केटमध्ये पोचवायची. इथे सुरुवातीला बास्केट नव्हत्या, नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद होत. कोर्स आखणाऱ्या एड हेड्रिक यांनी त्यावर साखळ्यांचा उपाय काढला आणि १९७७ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली. पहिल्या बास्केटमध्ये माझी डिस्क पडली, साखळ्या खणखणल्या आणि मला त्यांचीच आठवण झाली.

कोर्सला कुंपण नाही. ओकच्या झाडांमधून फेअरवे, म्हणजे टीपासून बास्केटपर्यंतचे खेळाचे पट्टे, जातात आणि त्याच झाडांमधून चालणाऱ्यांच्या, कुत्रे फिरवणाऱ्यांच्या, घोडेस्वारांच्या वाटाही. एका टीवर मी फेकीच्या तयारीत असताना भाचा म्हणाला, "मामा, थांब. घोडे येतायत." दोन स्वार सावकाश समोरून गेले. आम्ही डिस्क खाली धरून उभे राहिलो. घोड्याच्या डोळ्यांसमोर काही फडफडू नये म्हणून. स्वारांनी हात केला, आम्हीही केला. ते बरंच पुढे गेल्यावरच फेकलं.

भाचा इथे नेहमी खेळतो. त्याच्याकडून मी जे शिकलो ते फेकीच्या तंत्राइतकंच मोलाचं वाटलं. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर झटकून, फेकलेली डिस्क वेग मंदावला की डावीकडे वळते. म्हणून पायवाट डावीकडे असेल तर डिस्क सरळ बास्केटकडे सोडायची असली तरी आधी नजर त्या वाटेवर टाकायची. वळणापलीकडचं दिसत नसेल तर एकाने पुढे जाऊन उभं राहायचं आणि रस्ता मोकळा असला की हात वर करायचा. तरीही डिस्क माणसांकडे निघालीच, तर लाज न बाळगता "फोर!" असा सावध करणारा इशारा ओरडून द्यायचा. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचं कडक प्लास्टिक वेगाने आलं तर चांगलंच लागतं. खेळाच्या अधिकृत नियमांतही हे आहे: कुणाला इजा होणार नाही याची खात्री होईपर्यंत फेकायचं नाही. कितीही थांबावं लागलं तरी हरकत नाही. उद्यान आधी चालणाऱ्यांचं आहे, असं मी मानतो. चालणाऱ्यांना आपण सुरक्षित आहोत हा विश्वास राहिला तरच असे कोर्स टिकतील.

ओकच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात. लांब जाणारी 'ड्रायव्हर' डिस्क मी लवकरच पिशवीत ठेवली आणि मध्यम अंतराची 'मिडरेंज' डिस्क फांद्यांखालून, सरळ फेकत राहिलो. दोन खोडांमधल्या फटीतून डिस्क पलीकडे गेली की जो आनंद होतो, तो मोकळ्या मैदानातल्या लांब फेकीत मला तरी मिळत नाही. एका बास्केटपाशी कुत्र्याला घेऊन आलेल्या आजी आमच्या बास्केटजवळच्या शेवटच्या फेकी (पट) होईपर्यंत थांबल्या, साखळ्या वाजल्यावर टाळ्या वाजवल्या आणि मग गेल्या.

जाणार असाल तर शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा; शनिवार-रविवारी सहलीला आलेली कुटुंबं बरीच असतात आणि प्रत्येक टीवर वाट बघावी लागते. लांब पँट घाला. झुडपांत पॉइझन ओक असतो, त्याची पानं तीन-तीनच्या गुच्छात येतात आणि नुसता स्पर्श झाला तरी अंगावर खाजरे चट्टे उठू शकतात. डिस्क त्यात गेली तर हात घालण्याआधी पानं नीट बघा.