मूळ कुणाचं?

रविवार, रात्रीचा दीड

झोप येत नाहीये.

शुक्रवारी गाणं आलं. माझं पहिलं. आज मावशीचा फोन. "अगं, ऐकलं हं तुझं गाणं. दोनदा लावलं. किती गोड म्हटलंयस! मूळ कुणाचं गं?"

"माझंच."

"हो गं, म्हटलंयस तूच, कळतंय की. पण गाणं कुणाचं?"

आणि मी काय म्हणावं? "आहे एक जुनं." वर विषयही बदलला.

का? हेच डोक्यातून जात नाहीये. महिन्यापूर्वी डिस्ट्रिब्युटरचा (म्हणजे गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीचा) फॉर्म भरताना गायिका, गीतकार, संगीतकार अशा तिन्ही रकान्यांत स्वतःचं नाव घालून मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले होते. गीतकाराच्या रकान्यात टोपणनाव नको, खरं नाव हवं म्हणे, म्हणून बाबांच्या नावासकट सगळं भरलं. (बाबांनी ऐकलंय. काही बोलले नाहीत. असो.) आणि फोनवर एका प्रश्नात तिन्ही रकाने पुसून मोकळी.

बरं, मूळ कुणाचं म्हणजे नक्की काय? इतकं बरं झालंय की माझं वाटत नाही? की आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं? हे दुसरं दुपारपासून छळतंय. अंतऱ्याची दुसरी ओळ पंचमावरून खाली येते ना, ती जागा मला फारच पटकन सुचली होती. बसमध्ये, उभ्याने. इतकं पटकन सुचलेलं आपलं असतं का? संध्याकाळी गिटार घेऊन तीच ओळ वीसेक वेळा गुणगुणले. विसाव्या वेळी ती जगातल्या सगळ्याच गाण्यांसारखी वाटायला लागली.

आणि समजा तसं नसेल, तरी मी "माझंच" यावर ठाम का राहिले नाही? इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी म्हटली, त्याची सवय मावशीला लागली की मला?

बाकी सगळ्यांचं "सुंदर", "अभिमान वाटतो", टाळ्यांचे हात. शब्दांबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. ज्याच्यासाठी दुसरा अंतरा आहे त्याने अंगठा पाठवला. अंगठा. त्यावर आज लिहिणार नाही.

आकडे बघायचे नाहीत असं ठरवलंय आणि दिवसातून चाळीस वेळा बघते. स्पॉटिफायवर २१२. बारा महिन्यांत हजार झाल्याशिवाय तिथे गाणं पैशांच्या हिशेबातच धरत नाहीत, २०२४ पासूनचा नियम. ते जाऊ दे. गंमत वेगळीच आहे. गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं मोजतात. आणि माझा आवाज येतो चौतिसाव्या सेकंदाला! सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा कापायचा नाही म्हणून हट्ट मीच धरला होता. म्हणजे या २१२ मधल्या काहींनी माझं गाणं ऐकलंय, फक्त मला ऐकलेलं नाही. हे लक्षात आलं तेव्हा अंधारात एकटीच हसत सुटले. मावशीने निदान चौतीस सेकंद ओलांडले. दोनदा.

आत्ता फोन बघते तर तिचाच मेसेज, अकरा वाजताचा. "ते जुनं मूळ गाणं पाठव ना. तेही ऐकते."

घ्या.

शोधलं. 'नवीन रेकॉर्डिंग १७'. दोन वर्षांपूर्वीचं, जेमतेम मिनिटभराचं. पंख्याची घरघर, खुर्ची कुरकुरतेय, दुसऱ्या अंतऱ्याला शब्दच नाहीत, नुसतं ना ना ना. (तेव्हा लागलेच नव्हते.) शेवटी वैतागून माझंच "छे, परत".

तेच पाठवलं. खाली लिहिलं, "हे मूळ."

एकच टिक दिसतेय. झोपली असेल.